पेशीतील चयापचयाचे अध्यापन आणि संगणकावरील परस्परसंवादी उपक्रम

बी.ए.एम.एस.च्या पहिल्या व्यावसायिक वर्षात क्रियाशारीर शिकणाऱ्या विद्यार्थ्याला दोन परिभाषा एकाच वेळी आत्मसात कराव्या लागतात. एकीकडे दोष-धातू-मल, त्रयोदश अग्नी आणि धातुपोषणाचे न्याय. दुसरीकडे ग्लुकोजचे विघटन, क्रेब चक्र, इलेक्ट्रॉन वहन साखळी आणि एटीपी. पहिल्या परिभाषेत पाठांतराला निश्चित स्थान आहे, कारण सूत्र मुखोद्गत असले म्हणजे त्यावर आयुष्यभर चिंतन करता येते. दुसरीत तसे नाही. विकरांची नावे क्रमाने पाठ केलेला विद्यार्थी परीक्षा उत्तीर्ण होतो खरा, परंतु त्या नावांमागे काय घडते हे त्याला ठाऊक नसेल तर ती नावे सहा महिन्यांत विस्मरणात जातात. असे विद्यार्थी पुढे आंतरवासितेसाठी आपल्याच चिकित्सालयांत येतात आणि आपल्याच औषधालयांच्या फळीमागे उभे राहतात. ‘चयापचय वाढविणारे’ असे ठळकपणे छापलेला डबा त्यांच्या हाती येतो तेव्हा त्या शब्दांचा अर्थ काय, हे त्यांना विचारता आले पाहिजे. म्हणूनच हा विषय केवळ अध्यापकांचा आहे असे आम्ही मानीत नाही.

आकलनाची परीक्षा घ्यावयाची झाल्यास एकच प्रश्न पुरतो. श्वासावाटे घेतलेल्या ऑक्सिजनचे शरीरात शेवटी काय होते? बारावीत जीवशास्त्रात उत्तम गुण मिळविलेले विद्यार्थीही ‘त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो’ असे बिनदिक्कत सांगतात. वस्तुतः त्याचे पाणी होते. इलेक्ट्रॉन वहन साखळीच्या शेवटी ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वीकारतो, प्रोटॉनांशी संयोग पावतो आणि पाण्याचा रेणू तयार होतो. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड त्याच्या बऱ्याच आधीच्या पायऱ्यांवर तयार झालेला असतो. त्यातील कार्बन अन्नातून आलेला, आणि ऑक्सिजनचे अणूही अन्नातून व पाण्यातून आलेले. साखळीचा संपूर्ण तक्ता फळ्यावर बिनचूक काढणारा विद्यार्थी या प्रश्नावर अडखळतो, याचा अर्थ तक्ता त्याच्या हातात आहे, डोक्यात नाही.

या उणिवेवर उपाय म्हणून संगणकावरील चलच्चित्रे दाखविण्याची प्रथा गेली वीस-पंचवीस वर्षे रूढ आहे. येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. चलच्चित्र पाहणे आणि परस्परसंवादी उपक्रम करणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. २०२० साली महामारीमुळे महाविद्यालये बंद झाली तेव्हा व्याख्याने पडद्यावर आली, परंतु ती व्याख्यानेच राहिली. परस्परसंवादी उपक्रमात विद्यार्थी एखादी राशी स्वतः बदलतो, एखादा पदार्थ घालतो किंवा एखादी पायरी बंद करतो, आणि त्याचा परिणाम तत्काळ त्याच्यापुढे येतो. निर्णय त्याचा असतो. म्हणून परिणामाची जबाबदारीही त्याच्याकडे येते.

तथापि नुसती कळ दाबल्याने ज्ञान होत नाही. हार्वर्ड विद्यापीठातील एरिक मॅझूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या वर्गातील प्रात्यक्षिकांविषयी २००४ साली प्रसिद्ध केलेले निरीक्षण येथे मननीय आहे. ज्या विद्यार्थ्यांनी प्रात्यक्षिक केवळ पाहिले, त्यांची समज ते मुळीच न पाहिलेल्यांपेक्षा फारशी सरस ठरली नाही. ज्यांना आधी परिणामाचे भाकीत करावयास लावले होते, त्यांची समज मात्र वाढली. २०१४ साली विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित यांच्या पदवी अभ्यासक्रमांवरील २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा अमेरिकेत प्रसिद्ध झाला. केवळ व्याख्यानाने शिकविलेल्या वर्गांत अनुत्तीर्णांचे प्रमाण सुमारे ३४ टक्के, तर विद्यार्थ्यांना सक्रिय ठेवणाऱ्या वर्गांत सुमारे २२ टक्के आढळले. हे आकडे संगणकाचे नव्हेत, सक्रियतेचे आहेत, हे ध्यानात ठेवावे. आधी लेखी भाकीत, मग कृती, मग दोहोंतील तफावतीचा खुलासा, हा क्रम सांभाळला तरच उपक्रमाला अर्थ आहे.

मेद जातो कोठे?

पहिला उपक्रम सोपा असून त्यात अणूंचा हिशेब करावयाचा आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल पारितोषिकविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ साली सुरू केलेला ‘फेट’ हा प्रकल्प विज्ञानाची परस्परसंवादी प्रतिरूपे विनामूल्य उपलब्ध करून देतो. त्यांपैकी रासायनिक समीकरणे संतुलित करण्याच्या प्रतिरूपात मिथेन वायूचे ज्वलन आहे. विद्यार्थी डाव्या व उजव्या बाजूचे रेणू कमीजास्त करतो आणि दोन्ही बाजूंचे अणू समसमान होईपर्यंत तराजू झुकलेला राहतो. एकदा हा तराजू हाताला सवयीचा झाला म्हणजे कागदावर मेदाचे समीकरण द्यावे. मानवी मेदाचा प्रातिनिधिक रेणू ५५ कार्बन, १०४ हायड्रोजन व ६ ऑक्सिजन अणूंचा मानला, तर त्याच्या पूर्ण ज्वलनास ऑक्सिजनचे ७८ रेणू लागतात आणि कार्बन डायऑक्साइडचे ५५ व पाण्याचे ५२ रेणू निर्माण होतात.

आता प्रश्न विचारावा: स्थौल्याच्या रुग्णाचा १० किलो मेद कमी झाला, तो कोठे गेला? ‘उष्णता झाली’, ‘ऊर्जेत रूपांतर झाले’, ‘घाम व मलावाटे गेला’ अशी उत्तरे येतात. २०१४ च्या डिसेंबरमध्ये रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन या ऑस्ट्रेलियातील लेखकांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हाच प्रश्न मांडला होता, आणि डॉक्टर, आहारतज्ज्ञ व व्यायामशिक्षक यांच्यापैकी बहुतेकांची समजूतही ‘ऊर्जा झाली’ अशीच आढळली होती. रासायनिक क्रियेत वस्तुमानाची ऊर्जा होत नाही. वरील समीकरणावरून हिशेब मांडला तर १० किलो मेद जाळण्यास सुमारे २९ किलो ऑक्सिजन श्वासावाटे घ्यावा लागतो. सुमारे २८ किलो कार्बन डायऑक्साइड आणि ११ किलो पाणी तयार होते. मूळ मेदातील अणूंचा माग काढला तर १० किलोंपैकी ८.४ किलो कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने फुप्फुसांवाटे बाहेर पडतो आणि उरलेल्या १.६ किलोंचे पाणी होते.

हा हिशेब स्वतः केलेला विद्यार्थी आपल्या व्यवसायात एक गोष्ट विसरत नाही. विरेचनानंतर किंवा स्वेदनानंतर लगेच वजनकाट्यावर दिसणारी घट मुख्यतः जलाची असते. मेदाची घट ही सावकाश, श्वासागणिक होणारी गोष्ट आहे. शोधनाचे प्रयोजन काट्यावरील आकड्यापुरते नाही हे आपण जाणतोच, परंतु जाहिराती ते जाणत नाहीत. ‘सात दिवसांत सात किलो’ या हमीपत्रापुढे हा हिशेब ठेवून पाहावा.

धरणाला भोक

दुसरा उपक्रम आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून त्याचे वर्णन सविस्तर करीत आहोत. पेशीपासून वेगळ्या केलेल्या तंतुकणिका एका बंद पात्रात ठेवून त्या किती वेगाने ऑक्सिजन वापरतात हे ऑक्सिजन इलेक्ट्रोडने मोजणे हा जीवरसायनशास्त्रातील अभिजात प्रयोग आहे. प्रत्यक्षात तो करावयाचा तर प्राण्याचे ताजे यकृत, शीत अपकेंद्रित्र आणि सायनाइडसारखी विषे लागतात. पदवीपूर्व वर्गात हे अशक्य आहे. त्याचे आभासी रूप मात्र पडद्यावर सहज करता येते. एका आलेखावर ऑक्सिजनची रेषा उजवीकडे सरकत असते आणि विद्यार्थी पात्रात एकेक पदार्थ घालीत जातो. रेषा जितकी तीव्रतेने उतरेल तितका ऑक्सिजनचा वापर अधिक.

आरंभी पात्रात तंतुकणिका, फॉस्फेट आणि सक्सिनेट हे इंधन आहे. रेषा मंदपणे उतरते. येथे थांबवून विचारावे: वेग वाढविण्यासाठी काय घालाल? बहुतेक विद्यार्थी ‘आणखी इंधन’ असे लिहितात. इंधन घातल्यावर रेषेत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. मग थोडासा एडीपी घातला की रेषा एकदम कोसळते, आणि तो एडीपी संपून त्याचा एटीपी झाला की पुन्हा पूर्ववत मंदावते. विद्यार्थ्याच्या तोंडून या वेळी निघणारा उद्गार व्याख्यानाने निघत नाही. ज्वलनाचा वेग साठ्यावर ठरत नसून मागणीवर ठरतो, हे त्याने स्वतःच्या भाकिताच्या पराभवातून शिकलेले असते. औषधालयाच्या चालकांना ही गोष्ट व्यापाराच्या भाषेत चटकन पटेल. शरीरात एटीपीचा साठा कोणत्याही क्षणी अत्यल्प असतो, परंतु दिवसभरातील त्याची उलाढाल शरीराच्या वजनाच्या घरात जाते. ते खेळते भांडवल आहे, गोदामातला माल नव्हे.

पुढील पायरीवर ऑलिगोमायसिन घालावे. हा पदार्थ एटीपी तयार करणारे विकर अडवितो. त्यानंतर कितीही एडीपी घातला तरी वेग वाढत नाही. का? साखळी तर अखंड आहे, ऑक्सिजन आहे, इंधन आहे. या ‘का’चे उत्तर पीटर मिचेल यांनी १९६१ साली मांडले आणि १९७८ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. इलेक्ट्रॉन वहन साखळी प्रोटॉन पटलाच्या बाहेर ढकलते. ते प्रोटॉन विकरातून परत आत येताना एटीपी तयार होतो. कोयनेच्या जलविद्युत प्रकल्पाचे उदाहरण आम्ही देतो. साखळी म्हणजे जलाशय भरणारा पाऊस, प्रोटॉन म्हणजे साठलेले पाणी आणि विकर म्हणजे पाण्याच्या झोताने फिरणारे जनित्र. जनित्राची वाट बंद केली की जलाशय काठोकाठ भरतो आणि त्यात आणखी पाणी ढकलणे अशक्य होते. प्रतिरूपाला मात्र एक मर्यादा आहे: आकाशातील पाऊस जलाशय भरला म्हणून थांबत नाही, साखळी मात्र थांबते. उपमेची ही उणीव विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावी.

आता शेवटचा प्रश्न. ऑलिगोमायसिनने सर्व थांबलेले असताना डायनायट्रोफिनॉल घातले तर काय होईल? भाकितांत येथे वर्गाचे दोन तट पडतात. रेषा पुन्हा वेगाने कोसळते, पूर्वीपेक्षाही वेगाने. परंतु एटीपीचा एक रेणूही तयार होत नाही. डायनायट्रोफिनॉल प्रोटॉनांना विकराला वळसा घालून पटलातून परत आणते. धरणाच्या भिंतीलाच भोक पडले; पाणी वाहते आहे, जनित्र स्तब्ध आहे, आणि सर्व ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. त्यावर सायनाइड घातले की सारे शांत होते आणि मग डायनायट्रोफिनॉलही काही करू शकत नाही, कारण सायनाइडने साखळीचे शेवटचे टोकच बंद केलेले असते.

या पात्रातली गोष्ट पात्रातच राहिली असती तर आम्ही इतके पाल्हाळ लावले नसते. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत या पदार्थाशी संबंध येणाऱ्या कामगारांचे वजन घटले, त्यांना भरमसाठ घाम व ताप आला आणि काही दगावले. १९३३ साली स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी त्याच्या वजन घटविण्याच्या गुणाविषयी लिहिले आणि अमेरिकेत ते सर्रास विकले जाऊ लागले. मोतीबिंदू आणि मृत्यू यांच्या घटना पुढे आल्या. १९३८ साली तेथे ते मानवी सेवनास अयोग्य ठरविण्यात आले. तरीही ते चोरट्या मार्गाने ‘मेद जाळणारे’ म्हणून विकले जात राहिले, इतके की ब्रिटनने ऑक्टोबर २०२३ पासून त्याला नियंत्रित विषांच्या यादीत घातले. त्याने चयापचय वाढतो यात असत्य काहीच नाही. तोच त्याचा धोका आहे. उतारा नाही, मात्रा आणि मृत्यू यांतील अंतर अरुंद आहे. ज्या विद्यार्थ्याने रेषा कोसळताना आणि एटीपीचा आकडा शून्यावर राहिलेला पाहिला आहे, तो ‘चयापचय वाढविणारे’ हे शब्द प्रशस्तिपत्र म्हणून कधीच वाचणार नाही. वाढविणारे म्हणजे मागणी वाढविणारे की भोक पाडणारे, हा प्रश्न तो विक्रीप्रतिनिधीला विचारील.

आपल्या द्रव्यगुणाशीही या उपक्रमाचा थेट संबंध आहे. दारुहरिद्रेतील बर्बेरिन हे साखळीच्या पहिल्या संकुलाला मंदावते आणि त्यामुळे पेशीतील ऊर्जेची टंचाई ओळखणारे एएमपीके हे विकर जागृत होते, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. मेटफॉर्मिनविषयीही पहिल्या संकुलाची गोष्ट २००० सालापासून सांगितली जाते. आभासी पात्रात पहिले संकुल अडविणारा पदार्थ घालून पाहावा. परंतु एक सापळा ध्यानात ठेवावा. इंधन सक्सिनेट असेल तर काहीच परिणाम दिसणार नाही, कारण सक्सिनेटचे इलेक्ट्रॉन दुसऱ्या संकुलातून आत येतात. इंधन बदलून ग्लुटामेट व मॅलेट घेतले की रेषा मंदावते. एकाच द्रव्याचा परिणाम परिस्थितीनुसार दिसतो किंवा दिसत नाही, हा धडा औषधाच्या अभ्यासकाला अन्यत्र इतक्या स्वच्छपणे मिळत नाही. मात्र त्यावरून ‘दारुहरिद्रेच्या क्वाथाचे कार्य सिद्ध झाले’ असे म्हणण्याची घाई होऊ नये. तोंडाने घेतलेले बर्बेरिन रक्तात फारच अल्प प्रमाणात पोहोचते, आणि क्वाथात बर्बेरिनखेरीज इतर बरेच काही असते.

धात्वग्नी आणि तंतुकणिका

येथवर आल्यावर एक प्रश्न वर्गात हमखास उपस्थित होतो: धात्वग्नी म्हणजेच तंतुकणिका का? काही पाठ्यपुस्तकांतून आणि परिसंवादांतून याचे होकारार्थी उत्तर दिलेले आढळते. आम्हांला ते मान्य नाही. चरकांनी ग्रहणीचिकित्सेच्या अध्यायात अग्नीचे जे विवेचन केले आहे त्यात एक जाठराग्नी, पाच भूताग्नी आणि सात धात्वग्नी यांची व्यवस्था आहे. जाठराग्नी हा इतरांचा अधिपती असून त्यांची वृद्धी व क्षय त्याच्यावर अवलंबून आहेत. धातूचे सार व किट्ट असे विभाजन हे धात्वग्नीचे कार्य आहे. तंतुकणिकेच्या कार्यात यातले काही आहे, बरेच नाही. शिवाय ग्लुकोजच्या विघटनाच्या पहिल्या दहा पायऱ्या तंतुकणिकेच्या बाहेर, पेशीद्रव्यात घडतात. रक्तातील लाल पेशींत तर तंतुकणिका नसतातच. मग रक्तधातूचा अग्नी कोठे ठेवावयाचा? समीकरण मांडणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

तुलना मात्र अवश्य करावी. इंधन वाढवूनही वेग न वाढणे हे पाहिल्यावर अतिभोजनाने अग्नी प्रदीप्त का होत नाही, याचा विचार विद्यार्थी नव्या कुतूहलाने करतो. तसेच क्षीरदधि, केदारीकुल्या आणि खलेकपोत हे तीन न्याय म्हणजे पोषणाच्या प्रवाहाची तीन प्रतिरूपेच आहेत. दुधाचे दही होणे, पाटाचे पाणी वाफ्यावाफ्यातून पुढे जाणे आणि कबुतरांनी खळ्यावरून आपापला दाणा टिपून नेणे, ही चित्रे योजणाऱ्या आचार्यांना चांगल्या प्रतिरूपाचे मर्म ठाऊक होते. एक पायरी अडली तर पुढे काय होईल, याचे भाकीत प्रत्येक न्यायानुसार निराळे येते. वाफा अडला तर पुढचे सारे वाफे कोरडे पडतात. एक कबूतर आले नाही तर इतरांचे काही बिघडत नाही. संगणकाशिवायही हा उपक्रम कागदावर उत्तम होतो.

अशाच ‘अडथळा शोधा’ पद्धतीचा आणखी एक उपक्रम थोडक्यात नमूद करतो. पायरुवेटला क्रेब चक्राच्या दाराशी नेणाऱ्या विकरास थायमिन लागते. ते नसेल तर रक्तात काय साठेल, हे विद्यार्थ्याने नकाशावरून ओळखावे. पायरुवेट व लॅक्टेट ही उत्तरे आली की दीर्घकाळ मद्यपान करणाऱ्या कृश रुग्णाला थायमिनविना ग्लुकोज देणे घातक का ठरू शकते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

साधनांची निवड

साधने निवडताना काही गोष्टी पारखून घ्याव्यात. २००० नंतरच्या दशकात बनलेली जीवशास्त्राची बहुसंख्य चलच्चित्रे ‘फ्लॅश’ या प्रणालीवर होती आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी तिचा आधार संपुष्टात आला. एका महाविद्यालयाने मोठा खर्च करून घेतलेला तबकड्यांचा संच आज कपाटाची शोभा वाढवीत असल्याचे आम्ही पाहिले आहे. तेव्हा कोणत्याही भ्रमणध्वनीवर चालणारे साधनच घ्यावे. भारत सरकारच्या राष्ट्रीय शिक्षण अभियानातून उभ्या राहिलेल्या ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ विनामूल्य असून तेथे जीवशास्त्राचे प्रयोगही आहेत. जपानमधील क्योतो विद्यापीठात मिनोरू कानेहिसा यांनी १९९५ साली सुरू केलेला ‘केग’ हा चयापचयमार्गांचा संग्रह अद्भुत आहे. नकाशावरील कोणत्याही विकरावर टिचकी मारली की त्याची सर्व माहिती उघडते. परंतु नवशिक्याला तो एकदम दाखवू नये, तो त्या जाळ्यात हरवतो. ‘फेट’ची अनेक प्रतिरूपे मराठीतही उपलब्ध आहेत, आणि ग्रामीण भागातून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी ही लहान बाब नाही.

आशयाची एक झटपट कसोटी अशी: एका ग्लुकोजपासून किती एटीपी मिळतात असे ते साधन सांगते? ‘३८’ असे असेल तर ते जुन्या गणितावर आधारलेले आहे. एनएडीएचच्या प्रत्येक रेणूमागे तीन एटीपी हा पूर्वीचा हिशेब आता सुमारे अडीच असा धरला जातो, आणि एकूण आकडा ३० ते ३२ असा येतो. विद्यार्थी ३८ पाठ करूनच येतात. त्यांना आकडा बदलून देण्यापेक्षा प्रोटॉन मोजून स्वतः तो काढावयास लावावे. तो पूर्णांकात का येत नाही, हे जलाशयाचे चित्र समजलेल्याला लगेच उमगते.

प्रत्येकाला संगणक मिळेल अशी परिस्थिती आपल्या बहुतेक संस्थांत नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही. एका भ्रमणध्वनीभोवती चार विद्यार्थी बसावेत. भाकीत प्रत्येकाने आपल्या वहीत, पेन्सिलीने नव्हे तर शाईने लिहावे. ते चुकले तर खोडू नये, त्याच्याखाली कारण लिहावे. चौघांची भाकिते एकमेकांना वाचून दाखविल्याखेरीज कळ दाबू नये. आंतरवासितेसाठी विद्यार्थी येतील तेव्हा चिकित्सकांनी व औषधालयाच्या चालकांनी ही वही सोबत आणावयास सांगावे, आणि एखाद्या नव्या उत्पादनाचे माहितीपत्रक हाती देऊन त्यातील दावा साखळीच्या कोणत्या पायरीवर बसतो ते तीतच लिहावयास लावावे.